पडद्याआडची लेखणी

मुसलमान स्त्रियांच्या स्थितीविषयी बोलावयाचे म्हटले की आमच्याकडे वक्त्यांचा तोटा कधीच पडत नाही. कोणी त्यांच्या दुःखाने व्याकूळ होतो, कोणी त्यांच्या धर्मास दूषण देऊन मोकळा होतो, कोणी त्यांच्या मर्यादशीलतेचे गोडवे गातो, आणि कोणी त्यांचा कैवारी म्हणून स्वतःच पुढे सरसावतो. ह्या सर्व गलबल्यात एक आवाज मात्र बहुधा ऐकू येत नाही, आणि तो म्हणजे जिच्याविषयी ही सारी चर्चा चालते त्या स्त्रीचा. ह्या दोषाचा मोठा वाटा आम्हां वर्तमानपत्रकारांकडे येतो व तो आम्ही निमूटपणे कबूल करतो. परंतु ती स्त्री बोलतच नाही, तिला सांगण्यासारखे काही नाही, अशी जर कोणाची समजूत असेल तर ती साफ चुकीची आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बंगालमधील एका मुसलमान बाईने आपला धर्म, आपला समाज, आपली भाषा आणि आपली शृंखला ह्यांविषयी जे लिहिले, ते वाचले असता आमच्या पुष्कळ विद्वान वक्त्यांनी काही काळ मौन धरावे असे वाटेल. त्या बाईंचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

बेगम रुकय्या सखावत हुसेन ह्यांचा जन्म १८८० साली रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद ह्या गावी झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. बंगाली लोक त्यांच्या नावाचा उच्चार रोकेया असा करतात. वडील मोठे जमीनदार असून अरबी व फारसी विद्येत त्यांची चांगली गती होती. मुलांस त्यांनी कलकत्त्यास ठेवून इंग्रजी शिक्षण दिले. मुलींच्या वाट्यास मात्र कुराणाचे पठण आणि जुजबी उर्दू एवढेच आले. त्या काळच्या खानदानी मुसलमान घराण्यांत बंगाली ही सामान्य रयतेची भाषा समजली जाई, आणि कुलीन कन्येने ती वाचणे हलकेपणाचे वाटे. इंग्रजीचे तर नावच काढावयास नको. ज्या भाषेत आजूबाजूचे सारे गाव बोलत होते, तीच भाषा घरातील मुलीस निषिद्ध, असा हा विलक्षण प्रकार होता.

पडदा हा पुरुषांपासून करावयाचा असतो अशी आपली समजूत असते. रुकय्याबाईंस वयाच्या पाचव्या वर्षापासून परक्या स्त्रियांपासूनही लपावे लागे. एकदा नात्यातल्या एका घरून दोन बिहारी दासी पाहुण्या म्हणून आल्या व घरभर मोकळेपणाने हिंडू लागल्या. त्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून ही चिमुरडी पोर माडीवरच्या एका अडगळीच्या खोलीत दडून राहिली, आणि असे चार दिवस गेले. तिच्याच वयाचा एक भाचा अधूनमधून वाटीभर दूध नेऊन देई, त्यावर तिचा गुजारा होई. पुढे मोठेपणी बाईंनी ही हकीकत स्वतःच लिहून ठेविली. तीत क्रोध थोडा आहे. पण आपण कोणता अपराध केला होता, हे त्या पोरीस त्या वेळी उमगले नव्हते, एवढे वाचणाऱ्याच्या मनात रुतून बसते.

अशा घरात विद्येचा झरा फुटला तो दोन भावंडांमुळे. थोरली बहीण करीमुन्निसा चोरून बंगाली वाचीत असे. ही गोष्ट उघडकीस आल्यावर तिचे वाचन बंद पडले आणि लौकरच तिचे लग्न उरकण्यात आले. पण तिने हार खाल्ली नाही, आणि धाकट्या बहिणीस बंगालीची गोडी तिनेच लाविली. थोरले बंधू इब्राहीम हे इंग्रजी शिकलेले होते. रात्री सारे घर निजले म्हणजे मेणबत्ती लावून ते बहिणीस इंग्रजी अक्षरे शिकवीत. पुढे बाईंनी आपली एक कादंबरी ह्या बंधूंस आणि लेखसंग्रहाचा दुसरा भाग बहिणीस अर्पण केला. ऋण कोणाचे व किती, ह्याचा हिशेब त्यांनी अखेरपर्यंत चोख ठेविला होता.

पुढे भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हे गृहस्थ बिहारी, उर्दू बोलणारे, विधुर, आणि वयाने बाईंहून पुष्कळ वडील. एवढ्यावरून वाचकांस वाटेल की येथून पुढची कथा ठरलेलीच. परंतु तसे झाले नाही. सखावत हुसेन विलायतेत शिकून आले होते आणि स्त्रीशिक्षणावाचून समाजास तरणोपाय नाही असे त्यांचे प्रामाणिक मत होते. त्यांनी पत्नीस वाचावयास व लिहावयास उत्तेजन दिले, आणि मुसलमान मुलींच्या शाळेसाठी म्हणून दहा हजार रुपये निराळे काढून ठेविले. ह्या दांपत्यास दोन कन्या झाल्या. त्या दोन्ही तान्हेपणीच वारल्या. ज्या बाईंनी पुढे शेकडो मुली शिकविल्या, त्यांची स्वतःची पाळण्यातली दोन्ही मुले गेली होती, ही गोष्ट विसरून त्यांच्या कामाकडे पाहता येत नाही.

१९०२ साली ‘पिपासा’ हा त्यांचा पहिला लेख एका बंगाली मासिकात प्रसिद्ध झाला. विषय करबलेच्या रणांगणावरील तृषेचा, म्हणजे शुद्ध धार्मिक. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, रुकय्याबाई धर्म सोडून समाजावर टीका करू लागल्या, असा आरोप त्यांच्यावर नेहमी होई. त्यांच्या लेखणीचा आरंभ मोहरमच्या शोकापासून झालेला आहे.

त्यानंतर थोड्याच काळात स्त्रीजातीच्या अवनतीवरील त्यांचा निबंध मासिकांतून आला आणि वाचकवर्गात एकच खळबळ उडाली. अलंकार म्हणजे दास्याच्या खुणा आहेत, असे त्यांनी त्यात स्पष्ट म्हटले. कैद्याच्या पायांत लोखंडाची बेडी असते व आमच्या पायांत सोन्यारुप्याची. बैलाच्या नाकात वेसण असते व आमच्या नाकात नथ. धातूचा भेद सोडला तर दुसरा भेद कोणता, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. सराफी करणाऱ्या आमच्या वाचकांनी ह्यावर रागावू नये. बाईंचे म्हणणे दागिन्यांविरुद्ध जितके होते त्याहून, दागिना मिळाला की विद्येची मागणी विसरणाऱ्या स्त्रियांच्या मनाविरुद्ध अधिक होते. त्याच निबंधात धर्मग्रंथांच्या नावाने स्त्रियांवर घातलेली बंधने ही पुरुषांची रचना आहे, अशा अर्थाचे काही परिच्छेद होते. त्यांवर गहजब झाला. ‘मोतीचूर’ ह्या नावाने त्यांच्या लेखांचा संग्रह निघाला तेव्हा ते परिच्छेद त्यातून वगळलेले होते.

येथे क्षणभर थांबणे अवश्य आहे. बाईंनी माघार घेतली काय? आमच्या मते ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पुढील आयुष्यात शोधावे लागते. तूर्त एवढेच नमूद करून ठेवितो की, छापखान्याने त्यांस आवाज दिला आणि तो आवाज कोठवर जाऊ शकतो ह्याची सीमाही दाखविली. ज्यांस आपली लेखणी चालू ठेवावयाची असते, त्यांस कोणते वाक्य आज लिहावयाचे व कोणते उद्यासाठी राखावयाचे, ह्याचा निवाडा पदोपदी करावा लागतो. पुरुष लेखकांसही हे चुकलेले नाही. स्त्रीस ते दुपटीने करावे लागते.

१९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी स्त्रीमासिकात त्यांची ‘सुलतानाचे स्वप्न’ ही गोष्ट प्रसिद्ध झाली. यजमान कामानिमित्त फिरतीवर असता वेळ घालविण्यासाठी त्यांनी ती इंग्रजीत लिहिली होती. तीत एक स्त्रीराज्य वर्णिले आहे. तेथे पुरुष मर्दान्यात बंद असतात व स्त्रिया बाहेरचा कारभार पाहतात. विद्यापीठे स्त्रियांची, त्या ढगांतून पाणी खेचून घेतात, सूर्याची उष्णता साठवून तिच्यावर स्वयंपाक करतात, हवेतून चालणाऱ्या गाडीने प्रवास करतात. शत्रू चालून आला आणि सेना हरली, तेव्हा त्यांनी सूर्याचे तेज एकवटून त्याच्यावर सोडले व त्यास पळवून लाविले. पुरुष घरात बसल्यामुळे त्या राज्यात गुन्हेही होत नाहीत आणि म्हणून पोलिसांचेही काम पडत नाही! ही गोष्ट सखावत हुसेन ह्यांनी उभ्या उभ्याच वाचून काढली, आणि हा तर भयंकर सूड आहे, असा त्यांनी अभिप्राय दिल्याचे सांगतात. विनोदाच्या बुरख्याआडून बाईंनी एकच प्रश्न विचारला होता. स्त्रियांस भय पुरुषांपासून आहे, असे जर समाजच म्हणतो, तर कोंडावयाचे कोणास? ज्याच्यापासून भय त्यास, की ज्यास भय त्यास? ह्या प्रश्नाचे उत्तर अद्यापि कोणी समाधानकारक दिलेले आमच्या पाहण्यात नाही.

१९०९ च्या मे महिन्यात सखावत हुसेन वारले. अखेरच्या काळात मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली होती आणि पत्नीच त्यांस वाचून दाखवीत असे. दुखवट्याचे दिवस संपतात न संपतात तोच, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात, बाईंनी भागलपुरात पाच मुली जमवून पतीच्या नावाने शाळा काढली. परंतु सावत्र कन्येच्या घराशी मालमत्तेवरून वितुष्ट आले व बाईंस गाव सोडावे लागले. त्या कलकत्त्यास आल्या, आणि १९११ च्या मार्चात वलीउल्ला गल्लीतील एका भाड्याच्या घरात आठ मुलींनिशी सखावत स्मारक शाळा पुन्हा उघडली.

ज्या बाईंनी स्वतः शाळेचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता, त्यांस शाळा चालवावयाची होती. वर्ग कसा बसवितात, हजेरी कशी घेतात, इयत्ता कशा लावतात, ह्यांतले काहीच त्यांनी पाहिले नव्हते. तेव्हा त्या कलकत्त्यातील ब्राह्मो व हिंदू मुलींच्या शाळांत जाऊन बसल्या आणि तेथील पद्धती पाहून शिकल्या. तशात एक बँक बुडाली आणि तीत शाळेसाठी जपून ठेविलेल्या ठेवीस मोठी ठोकर बसली. व्यापारी वाचकांस अशा धक्क्याचा अर्थ समजावून सांगावयास नको. चालू पेढीस असा धक्का बसला म्हणजे भलेभले दुकान बंद करितात. बाईंनी दुकान बंद केले नाही. त्यांनी घरोघर जाऊन मुली मागितल्या, देणग्या मागितल्या, सरकारी अनुदानासाठी अर्ज केले. हळूहळू इयत्ता वाढत गेल्या आणि बाईंच्या हयातीतच ती पूर्ण हायस्कूल झाली. कलकत्त्यात ती आजही सरकारी मुलींची शाळा म्हणून चालू आहे.

आता त्या माघारीच्या प्रश्नाकडे वळू. अवरोधाविरुद्ध इतके जळजळीत लिहिणारी ही बाई स्वतः बुरखा घालून घराबाहेर पडे. शाळेतील मुली बंद गाडीतून येत व जात. टीकाकार दोन्ही बाजूंनी तुटून पडत. सुधारक म्हणत, बोलता एक आणि करता एक. सनातनी म्हणत, बुरखा हे ढोंग आहे, आतून ह्या बाईस मुली बिघडवावयाच्या आहेत. बाईंचे उत्तर त्यांच्या बुरख्यावरील लेखात सापडते. अंग झाकण्याची मर्यादा निराळी आणि मनुष्यास खोलीत कोंडून त्याची बुद्धी मारणे निराळे, असा भेद त्यांनी केला. पहिलीस त्यांचा विरोध नव्हता. दुसरीशी त्यांनी आयुष्यभर झुंज घेतली. आईबापांनी मुलगी शाळेत धाडावी, म्हणून त्यांस मान्य असलेला पडदा बाईंनी स्वीकारला. कापडाच्या बदल्यात त्यांनी अक्षरे विकत घेतली. हा सौदा खोटा होता असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी त्या काळी किती मुसलमान मुलींस त्याहून चांगल्या अटींवर शिकविले, हे आधी सांगावे.

ह्या सौद्याची किंमत किती पडे, हे शाळेच्या मोटारगाडीच्या हकीकतीवरून कळते. मुलींस आणण्यासाठी शाळेने एक मोटार घेतली. पडदा राहावा म्हणून ती चहूबाजूंनी इतकी बंद केली होती की आत काळोख होऊन मुलींचा जीव गुदमरू लागला. कोणी रडत, कोणास वांत्या होत, कोणी बेशुद्ध पडे. एका हिंदू मैत्रिणीने तिला चालती अंधारकोठडी असे नाव दिले. मग बाईंनी झरोके उघडून त्यांवर पडदे लाविले. झाले! लागलीच काही इंग्रजीत व काही उर्दूत अशी पत्रे येऊन थडकली. वाऱ्याने पडदे हालतात, त्यामुळे मुलींची बेपर्दगी होते. ताबडतोब बंदोबस्त न झाल्यास उर्दू पत्रांतून शाळेविरुद्ध लिहिण्यात येईल व मुली काढून घेण्यात येतील, असा त्यांचा मजकूर होता. एका पत्राखाली तर इस्लाममधील बंधू अशी सही होती. मुली गुदमरल्या तेव्हा ह्या बंधूंपैकी एकही पुढे आला नव्हता, हे सांगावयास नकोच.

वर्तमानपत्रात छापून आणू, ही धमकी वाचून आम्हांस आमच्याच धंद्याची लाज वाटली. ज्या साधनाने रुकय्याबाईंच्या लेखणीस वाट मोकळी करून दिली, त्याच साधनाचा चाबूक करून एका गरीब शाळेच्या पाठीवर उगारला जात होता. पत्रे काढणारे पुरुष, पत्रे वाचणारे पुरुष, आणि पत्रांतून अब्रू जाईल ह्या भयाने मुलींस घरी ठेवणारेही पुरुष. अशा दरबारात मुलीची बाजू मांडावयाची कोणी?

ती बाजू बाईंनीच मांडली, आणि तीही नियतकालिकातूनच. बंगालीतील एका मुसलमानी मासिकात त्यांनी अवरोधात राहणाऱ्या स्त्रियांच्या लहान लहान हकीकती लिहिण्यास आरंभ केला. अशा सत्तेचाळीस हकीकतींचे ‘अवरोधवासिनी’ हे पुस्तक १९३१ साली निघाले. तीत उपदेश जवळजवळ नाही. घडले ते सांगितले आहे. त्यांच्या नात्यातील एक बाई भागलपूरहून पाटण्यास जात होत्या. बरोबर एक दासी तेवढी होती. किऊल स्टेशनवर गाडी बदलताना घोळदार बुरख्यात पाय अडकून त्या फलाट आणि गाडी ह्यांच्यामध्ये पडल्या. स्टेशनावर माणसे होती, ती धावलीही; परंतु परपुरुषाने माझ्या मालकिणीस हात लावू नये म्हणून दासीने त्यांस अडविले, आणि तिला एकटीला त्या उचलवेनात. गाडी पुष्कळ वेळ थांबली. अखेर ती सुटली, आणि तीखाली चिरडून त्या बाईचा अंत झाला. दुसरी एक बाई घरास आग लागली असता दागिन्यांची पेटी घेऊन दारापर्यंत आली. अंगणात आग विझविणारे पुरुष दिसताच परत फिरली व खाटेखाली जळून मेली. हिंदू वाचकांनी हे वाचून समाधानाचा सुस्कारा टाकू नये. बाईंनी ह्या हकीकतींत आपल्याच समाजाची लक्तरे चव्हाट्यावर आणली, ती आपल्या समाजाच्या प्रेमामुळे; त्यांचा उपयोग शेजाऱ्यास हिणविण्यासाठी करणे म्हणजे त्या मृत स्त्रियांचा दुसऱ्यांदा अपमान करणे होय. आणि विधवेचे केशवपन करून तिला माजघरात लोटणाऱ्या समाजास दुसऱ्याच्या अवरोधास हसण्याचा अधिकार तरी कोणी दिला?

रुकय्याबाईंची धर्मनिष्ठा कशा प्रकारची होती, हे समजून घेतले पाहिजे. इस्लामने स्त्रीस वारसा दिला, विवाहात तिची संमती आवश्यक मानली, विद्या मिळविणे हे स्त्रीपुरुष दोघांचे कर्तव्य ठरविले. मग ज्यांनी हे हक्क व्यवहारात बुडविले त्यांनी धर्मरक्षक म्हणवून घ्यावे हे कसे, असा त्यांचा सवाल होता. ईश्वर देतो आणि मनुष्य लुटतो, अशा आशयाचा त्यांचा एक इंग्रजी लेखही ‘मुसलमान’ नावाच्या कलकत्त्याच्या पत्रात १९२७ साली प्रसिद्ध झाला. कुराण पोपटासारखे पाठ करण्यापेक्षा त्याचा अर्थ मुलींस समजावा, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे धर्मावर त्या रुसल्या नव्हत्या. धर्माचा अर्थ सांगण्याचा मक्ता कोणी घेतला आणि तो कोणी दिला, एवढेच त्या विचारीत होत्या.

भाषेविषयीही त्यांचा असाच निश्चय होता. भागलपुरात आजूबाजूस बंगाली बोलणारे कोणी नव्हते; कलकत्त्यास आल्यावरही शाळा उर्दूतून चालत असे, कारण मुली पाठविणारी घराणी बहुतेक उर्दू बोलणारी होती. तरीही बाईंनी आपले मुख्य लेखन बंगालीतच केले आणि बंगाली मुसलमान मुलीस तिची मातृभाषा शिकविली पाहिजे, असा आग्रह धरिला. बंगाली बोलल्याने मुसलमानपणा कमी होतो, असे मानणाऱ्यांस त्यांचे बंगाली हेच उत्तर होते. मराठी बोलणाऱ्या मुसलमान कुटुंबांस हा मुद्दा परका वाटू नये.

पारशी स्त्रियांविषयी बाईंनी केलेले एक विवेचन मुंबईकरांनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पारशी स्त्रिया पडद्याबाहेर आल्या ही गोष्ट त्यांस ठाऊक होती. परंतु पुरुषांनी विलायती चालीचे अनुकरण करून त्यांस बाहेर आणिले, त्यांत स्त्रियांचा स्वतःचा निश्चय किती, आणि मनाचे दास्य सुटले काय, अशी शंका त्यांनी ‘अर्धांगी’ ह्या लेखात काढली. पारशी समाजास हे सर्वस्वी लागू पडते की नाही, हा वाद बाजूस ठेवू. पण दुसऱ्याच्या हुकमाने घेतलेला पडदा आणि दुसऱ्याच्या हुकमाने टाकलेला पडदा ह्यांत स्त्रीच्या दृष्टीने फारसे अंतर नाही, हे तत्त्व त्यांनी जितक्या लौकर व जितक्या स्वच्छ ओळखले, तितके आमच्या किती सुधारकांनी ओळखले असेल?

ह्या कार्यात त्या अगदी एकट्या होत्या असे नाही. लाहोरास मुहम्मदी बेगम १८९८ पासून ‘तहजीब-ए-निस्वान’ हे उर्दू साप्ताहिक संपादीत होत्या. मुंबईच्या अतिया फैजी, ज्यांची बहीण नाझली ही आमच्या कोकणातील जंजिऱ्याची बेगम होती, त्यांनी विलायतेतील आपल्या शिक्षणकाळाची रोजनिशी त्याच पत्रातून प्रसिद्ध केली. अलीगढास शेख अब्दुल्ला व त्यांच्या पत्नी वहीद जहाँ ह्यांनी १९०६ साली मुलींची शाळा काढली. पडद्याच्या आत राहून स्त्रिया एकमेकींस पत्रांतून, मासिकांतून भेटत होत्या, वाद घालीत होत्या. ज्या भिंती पायांस ओलांडता येत नव्हत्या त्या टपालाच्या दोन पैशांनी ओलांडल्या जात होत्या.

१९१६ साली बाईंनी मुसलमान स्त्रियांची एक संस्था स्थापन केली. गरीब विधवांस मदत, झोपड्यांतून राहणाऱ्या बायकांस अक्षरओळख आणि शिवणकाम, निराधार मुलींची लग्ने, अशी कामे ती करी. १९२६ साली बंगालच्या स्त्रीशिक्षणपरिषदेचे अध्यक्षस्थान त्यांस मिळाले. शाळा, संस्था व लेखन ह्या त्रिविध श्रमाने शरीर झिजत गेले. १९३२ च्या डिसेंबरच्या नवव्या तारखेस पहाटे कलकत्त्यात त्यांचा देहान्त झाला. आदल्या रात्रीपर्यंत त्या लिहीत होत्या. मेजावर स्त्रियांच्या अधिकारांवरील एक अपुरा लेख तसाच राहिला. बांगलादेशात ९ डिसेंबर हा दिवस त्यांच्या नावाने पाळला जातो.

हे चरित्र वाचून वाचकांनी काय करावे? बाई थोर होत्या असे म्हणून वर्तमानपत्र घडी घालून ठेवावे, हा एक मार्ग आहे, आणि तो सर्वांत सोपा आहे. आम्ही दुसरा सुचवितो. शेजारच्या मोहल्ल्यातील मुलीची फी अडली असेल तर ती भरावी. पण त्याआधी तिला काय शिकावयाचे आहे हे तिला विचारावे. मुसलमान स्त्रियांच्या पोशाखाविषयी, विवाहाविषयी, धर्माविषयी मत देण्यापूर्वी त्यांनी स्वतः काय लिहिले आहे ते एकदा तरी वाचावे. त्या सगळ्या एकच बोलणार नाहीत. रुकय्याबाई व त्यांच्या समकालीन भगिनींतही मतभेद होतेच. कोणी बुरखा ठेवील, कोणी टाकील; कोणी ग्रंथाचा आधार देईल, कोणी केवळ न्यायाचा. तो त्यांचा वाद आहे आणि तो त्यांनीच चालवावयाचा आहे. आमचे काम रस्ता अडवून उभे न राहण्याचे.

आणि आम्हां संपादकांचे काम? ज्या धंद्याने एका शाळेस छापून आणण्याची धमकी दिली त्याचे प्रायश्चित्त त्याच धंद्याने घेतले पाहिजे. स्त्रियांविषयी लिहिलेल्या दहा रकान्यांपेक्षा स्त्रीने लिहिलेला एक रकाना अधिक मोलाचा आहे, आणि जो परिच्छेद छापण्याचे धैर्य त्या वेळी झाले नाही, तसा एखादा परिच्छेद आमच्या मेजावर येऊन पडला, तर तो कापण्यापूर्वी हात थोडा थरथरावा. एवढे झाले तरी मेणबत्तीच्या उजेडात बहिणीस अक्षरे शिकविणाऱ्या त्या भावाच्या श्रमाचे अंशतः चीज झाले असे आम्ही समजू.